पोरगं पुढे जाईल का, हे कसं ओळखायचं: बास्केटबॉलच्या मैदानाकडेला बसणाऱ्यांसाठी

१४ वर्षांखालच्या सामन्यात एखाद्या पोराने एकट्याने २४ पॉइंट काढले की मैदानाकडेला लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा स्टेट खेळणार, लिहून घ्या. दुसरा म्हणतो, उंचीवर चाललंय सगळं, दोन वर्षांनी विचारा. दोन्ही तट पॉइंटच बघत असतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी पॉइंट कोण काढणार हे बऱ्याचदा शरीर ठरवतं, आणि शरीराने दिलेली आघाडी बाकीची पोरं वाढली की निघून जाते. पोराने स्वतः कमावलेलं किती आणि वयाने हातात ठेवलेलं किती, हे वेगळं काढता आलं तरच या वादात दम आहे. त्यासाठी एक वही, दहा मीटरचा टेप आणि एकाच पोराला निदान सहा महिने बघायची तयारी एवढं पुरतं.

पहिल्या पानावर जन्मतारीख

शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे, आणि तारीख मोजली जाते १ जानेवारीपासून. म्हणजे जानेवारीतलं पोर आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं पोर एकाच गटात, फरक जवळपास वर्षाचा. त्यात एकाचं गटातलं पहिलं वर्ष आणि दुसऱ्याचं शेवटचं असेल तर हा फरक दोन वर्षांच्याही पुढे जाऊ शकतो. मुलगे जोरात वाढत असतात तेव्हा वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर उंची वाढते. आता हिशोब करा: समोरच्यापेक्षा अर्धी वीत उंच असलेल्या पोराने रिबाउंड काढला (हुकलेल्या शॉटचा परतलेला बॉल पकडला), तर त्यात त्याची करामत किती?

म्हणून वहीत सगळ्यात आधी जन्माचा महिना आणि वर्ष, गटातलं पहिलं वर्ष की शेवटचं, आणि खेळायला लागून किती महिने झाले, या तीन गोष्टी लिहा. नोव्हेंबरात जन्मलेलं, गटातलं पहिलंच वर्ष असलेलं आणि आठ महिन्यांपूर्वी बॉल हातात घेतलेलं पोर सामन्यात ६ पॉइंट काढत असेल, तर २४ वाल्याइतकंच त्याच्याकडेही लक्ष हवं.

वय चोरल्याचा विषय प्रत्येक वादात निघतो. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढतात खरं, पण तो अंदाज असतो. लवकर वयात आलेल्या पोराचं हाड खऱ्या वयापेक्षा वर्षभर पुढे दिसू शकतं. मिशी फुटली म्हणून पोराला तोंडावर खोटं ठरवू नका. संशय असेल तर तो कागदपत्रांनी आणि आयोजकांकडे सोडवायचा.

उंची नीट मोजा

मैदानावर सांगितली जाणारी उंची बहुतेक वेळा बुटासकट असते. मोजताना पाय उघडे, टाचा, ढुंगण आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर सरळ. डोक्यावर कंपासपेटीतला गुण्या नाहीतर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरा आणि पेन्सिलची खूण करा. दर वेळी सकाळीच मोजा, कारण दिवसभरात मणक्यावर भार येऊन संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरते. दर महिन्याला मोजू नका, मोजण्यातली चूकच वाढीएवढी होते. तीन महिन्यांनी एकदा पुरे.

तीन महिन्यांतली वाढ गुणिले चार केली की वर्षाचा वेग मिळतो. तीन महिन्यांत २.४ सेंटिमीटर म्हणजे वर्षाला ९.६, पोर ऐन वाढीत आहे. अर्धा सेंटिमीटरही भरत नसेल आणि पुढच्या तीन महिन्यांतही तसंच दिसलं, तर उंची संपत आली असं धरा. मुलग्यांचा सर्वांत जोराचा काळ सरासरी चौदाच्या आसपास येतो, मुलींचा बाराच्या आसपास. पण एखादा मुलगा बाराव्या वर्षीच झपाट्याने वाढतो, एखादा सोळाव्या. दोघंही नॉर्मल.

बसकी उंचीही घ्या. भिंतीला लावलेल्या स्टुलावर ताठ बसवून डोक्यापर्यंत मोजा आणि स्टुलाची उंची वजा करा. वाढीच्या काळात आधी पाय लांब होतात, धड मागून येतं. पाय लांब आणि धड अजून आखूड दिसतंय म्हणजे वाढ बरीच शिल्लक आहे. सगळं प्रमाणात भरून आलंय, खांदे रुंद झालेत, आवाज फुटून वर्ष-दीड वर्ष झालं, तर फार काही उरलेलं नाही.

आई-वडिलांच्या उंचीवरून साधा अंदाज निघतो. मुलग्यासाठी दोघांच्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवा आणि दोनने भागा. मुलीसाठी १३ वजा करून भागा. वडील १७० आणि आई १५६ असेल तर मुलग्याचा आकडा १६९.५. पण हा आकडा मधला आहे, त्याच्या खाली-वर साडेआठ सेंटिमीटरची जागा सोडायची, म्हणजे साधारण १६१ ते १७८. चौदाव्या वर्षीच १७२ असलेल्या या घरातल्या पोरावर ‘सहा-चार होणार’ म्हणून पैज लावू नका.

उंचीपेक्षाही कामाचा आकडा म्हणजे उभं राहून हात वर केल्यावर बोटं कुठे पोचतात तो. रिंग ३०५ सेंटिमीटरवर आहे, तिथे डोकं लागत नाही, हात लागतो. दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर साधारण उंचीएवढं असतं. ते पाच-सहा सेंटिमीटरने जास्त भरलं तर ते पोर डिफेन्समध्ये स्वतःपेक्षा उंच खेळाडूला भारी पडू शकतं.

मुलींच्या बाबतीत घाईने मत बनवलं जातं. पाळी सुरू झाल्यावर उंचीचा वेग उतरतो आणि त्यानंतर सरासरी पाच-सात सेंटिमीटर वाढ होते. तेराव्या वर्षी संघात सगळ्यात उंच असलेली मुलगी सोळाव्या वर्षी मधल्या उंचीची असू शकते. ही माहिती आई आणि बाईंच्या पातळीवर राहावी, मैदानाकडेला त्यावर बोलणं नको.

ऐन वाढीच्या काळात खेळ बिघडतो, हे मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. हातापायांची लांबी बदलते, मेंदूला जुन्या मापाची सवय असते. परवापर्यंत जाणारे ले-अप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून टाकलेले शॉट, रिंगमागच्या बोर्डवर जोरात आदळतात, पोर स्वतःच्या पायात अडखळतं. नेमकी याच वेळी ‘चढलाय हा, लक्ष नाही खेळात’ अशी चर्चा सुरू होते. उंचीची नोंद असेल तर कळतं की पोराने चार महिन्यांत चार सेंटिमीटर घेतलेत. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा किंवा टाच दुखत असेल तर तीही याच वयातली तक्रार. तिथे वाढत्या हाडाला स्नायूचा ताण बसतो. तेल चोळून, पट्टी बांधून उड्या मारायला लावू नका. उड्या कमी करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

बॉल सोडून पोराकडे बघा

सामन्यात सगळे बॉल बघतात. तुम्ही एक क्वार्टर, म्हणजे दहा मिनिटं, फक्त एका पोराकडे बघा. बॉल कुठेही असू दे. सुरुवातीला हे फार अवघड जातं, मान आपोआप वळते.

बॉल येण्याआधी ते पोर मागे वळून बघतं का? चांगलं गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल हाताळणारं पोर, पास हातात पडायच्या आधी खांद्यावरून एकदा बघून घेतं. त्यामुळे बॉल हाती आला की त्याला विचार करावा लागत नाही. ज्याने बघितलेलं नसतं ते बॉल मिळाला की आधी जमिनीवर एकदा आपटतं आणि मग डोकं वर करतं. तेवढ्यात समोरचा येऊन ठेपतो. ही आपटायची सवय मोजा. दहा वेळा बॉल मिळाला तर विनाकारण किती वेळा ड्रिबल झाला?

बॉल गमावल्यानंतरचे पहिले तीन सेकंद बघा. पोर मागे पळतं, रेफरीकडे बघतं, की हात पसरून उभं राहतं? चुकीनंतरचं वागणं सामन्यागणिक फारसं बदलत नाही.

डिफेन्समध्ये पाय बघा. शॉट मारायला उभ्या असलेल्याकडे धावत जाताना शेवटच्या दोन मीटरमध्ये छोटी छोटी पावलं टाकून पोर थांबतं का, एक हात वर जातो का? की लांब झेप घेऊन उडतं आणि समोरचा शांतपणे बाजूने निघून जातो? बाजूला सरकताना पाय एकमेकांवर चढतात का? गुडघे वाकलेले राहतात, की दुसऱ्या मिनिटाला पोर कंबरेतून वाकायला लागतं? शॉट उडाला की बॉक्स आउटसाठी, म्हणजे समोरच्याला पाठीने अडवून ठेवायला, आधी माणूस शोधतं, की वर तोंड करून बॉल बघत राहतं? यातली एकही गोष्ट स्कोअरशीटवर येत नाही.

आणि बोलणं. आपल्या सोलापूरच्या संघात घरी तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी पोरं एकत्र खेळतात. ‘स्क्रीन’, ‘लेफ्ट’, ‘हेल्प’, ‘माझा’ असे चार शब्द ठरलेले असले की पुरतं. हे शब्द पहिल्या क्वार्टरमध्ये जो ओरडतो तोच दमल्यावर चौथ्यातही ओरडतोय का, ते ऐका. तेरा-चौदाव्या वर्षी हे करणारं पोर दुर्मिळ असतं, आणि असं पोर दिसलं की वहीत त्याच्या नावाखाली रेघ मारा.

कमजोर हाताची परीक्षा सोपी आहे. उजव्या हाताचं पोर डाव्या बाजूने आत शिरलं की शेवटी बॉल कुठल्या हाताने सोडतं? सरावात डाव्या हाताने सगळेच टाकतात. सामन्यात अंगावर माणूस असताना टाकलेलेच मोजा, पडले की नाही हे पहिल्या तीन महिन्यांत बघू नका. प्रयत्न शून्यावरून चारवर गेले हीच प्रगती.

शॉट: हुकलेला बॉल कुठे जातो?

पडलेला शॉट फार काही शिकवत नाही, हुकलेला शिकवतो. वहीत रिंगचा गोल काढा आणि प्रत्येक हुकलेल्या शॉटचा ठिपका द्या. ठिपके पुढे-मागे पडत असतील, म्हणजे शॉट सरळ पण आखूड किंवा लांब, तर काळजीचं कारण कमी: पायातली ताकद आणि अंदाज वयानुसार येतो. ठिपके डावी-उजवीकडे विखुरले तर दोष हातात आहे. बहुधा कोपर बाहेर गेलेला असतो, नाहीतर आधाराच्या हाताचा अंगठा सुटताना बॉलला ढकलतो. समोरून, रिंगखाली उभं राहून बघितलं की अंगठा स्पष्ट दिसतो. शॉटनंतर आधाराचा तळवा रिंगकडे वळलेला असेल तर अंगठ्याने काम केलं. हा दोष तेराव्या वर्षी दोन-तीन महिन्यांत निघतो, अठराव्या वर्षी फार जड जातो.

मुळात हा दोष येतो कुठून? लहान वयात मोठ्या बॉलने. ७ नंबरचा बॉल सुमारे ६०० ग्रॅमचा आणि पाऊण मीटर घेराचा. दहा वर्षांच्या पोराला तो खांद्यावरून उचलून रिंगपर्यंत पोचवता येत नाही, मग ते छातीपासून दोन्ही हातांनी ढकलतं आणि तीच सवय हाडात मुरते. बारा वर्षांखाली ५ नंबरचा बॉल द्या, आणि जमलं तर रिंग २.६० मीटरवर आणा, मिनी बास्केटबॉलचं मापच ते आहे. मुलींना मोठ्या गटातही ६ नंबरच वापरायचा असतो. सरावाला ७ आणि सामन्याला ६ असं केलं तर शॉट लांब जात राहतो.

शॉट पुढे चांगला होईल का, याचा या वयातला सगळ्यात भरवशाचा आकडा फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर रेघेवरून कुणी न अडवता मिळणाऱ्या शॉटचा. १४ वर्षांखालचे थ्री पॉइंटर (लांबच्या कमानीबाहेरून मारलेले शॉट) मोजूच नका, बहुतेक पोरं ते अंगाची ताकद लावून फेकतात. फ्री थ्रो मोजायची पद्धत अशी: पोराला या बेसलाइनपासून (रिंगमागच्या रेघेपासून) त्या बेसलाइनपर्यंत पळत जाऊन परत यायला लावा आणि मग दोनच फ्री थ्रो द्या. असं दहा वेळा, म्हणजे दिवसाला वीस. पाच दिवसांत शंभर होतात. सलग शंभर मारून घेतले तर हात बसतो आणि आकडा फुगतो. सामन्यात फ्री थ्रो दमलेल्या अवस्थेत दोन-दोनच मिळतात.

आता त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? खरं कसब शंभरात ७० असलेलं पोर एखाद्या आठवड्यात ६१ मारेल, एखाद्या आठवड्यात ७९. निव्वळ योगायोगाने एवढा चढउतार होतो. तीन महिन्यांनी पुन्हा शंभर घेतले आणि फरक बारा-तेरापेक्षा कमी दिसला, तर ‘सुधारला’ किंवा ‘बिघडला’ असं म्हणायला आधार नाही. एका स्पर्धेतल्या वीस शॉटवरून तर काहीच म्हणता येत नाही: ज्याची खरी सरासरी ३५ टक्के आहे तो वीसपैकी तीनही टाकेल आणि अकराही टाकेल. दोन्ही तटांना आपापला पुरावा एकाच पोराकडून मिळतो, आणि म्हणून वाद संपत नाही.

वहीतले रकाने

प्रत्येक सामन्याला एक ओळ. मिनिटं, मारलेले शॉट, पडलेले शॉट, मिळालेले आणि पडलेले फ्री थ्रो, असिस्ट (ज्या पासवर शॉट पडला तो), टर्नओव्हर (शॉटआधीच गमावलेला बॉल), फाउल, आणि शेवटी समोरचा संघ व अंतिम स्कोअर. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि तोच नसेल तर बाकी आकड्यांचा उपयोग नाही. पहिल्या फेरीत ५८ विरुद्ध ९ असे सामने होतात, त्यात काढलेले पॉइंट वेगळ्या पानावर टाका. पंधरा पॉइंटच्या फरकाच्या आत सुटलेले सामने हेच खरे.

नेमबाजीचा एकच आकडा काढायचा असेल तर असा काढा: फ्री थ्रोची संख्या गुणिले ०.४४, त्यात शॉटची संख्या मिळवा, त्याची दुप्पट करा आणि पॉइंटना त्याने भागा. एका पोराने २४ शॉट आणि ६ फ्री थ्रोमध्ये २२ पॉइंट काढले. २२ भागिले ५३.२८, म्हणजे ०.४१. दुसऱ्याने ८ शॉट आणि ४ फ्री थ्रोमध्ये १२ काढले. १२ भागिले १९.५२, म्हणजे ०.६१. पेपरात नाव पहिल्याचं येतं. संघाला सामना जिंकून देणारा हिशोब दुसऱ्याचा आहे. मात्र दुसऱ्याला सोपेच शॉट मिळत होते का, हेही बघा. कमी शॉट मारणाऱ्याचा आकडा चांगला दिसणं साहजिक आहे.

टर्नओव्हरची जात लिहा. ट्रॅव्हलिंग (ड्रिबल न करता जास्त पावलं) झालं, हातातून हिसकावला गेला, की पास चुकला? चुकलेल्या पासकडे दयेने बघा. ज्या पोराला मोकळा खेळाडू दिसला पण हात पोचला नाही, त्याची दृष्टी तयार आहे, ताकद येईल. ज्याला मोकळा खेळाडू दिसलाच नाही त्याची वहीत एकही चूक पडत नाही, पण अडचण त्याचीच मोठी आहे.

शिकण्याचा वेग

बाकी सगळं मोजून झालं तरी निकाल लावणारी गोष्ट एकच आहे: नवी गोष्ट पोर किती दिवसांत सामन्यात उतरवतं. हे मोजता येतं.

सरांशी बोलून एक छोटीच गोष्ट निवडा. समजा, पास घेताना दोन्ही पायांवर एकदम उतरायचं, म्हणजे जंप स्टॉप. पहिल्या दिवशी एकट्याने, समोर कोणी नसताना दहापैकी किती जमतात ते लिहा. एका आठवड्याने तेच, पण समोर डिफेन्स उभा करून. दोन आठवड्यांनी सरावातल्या पाच-पाचच्या खेळात, कुणीही आठवण करून न देता. मग खऱ्या सामन्यात. पहिल्या पायरीवर बहुतेक सगळी पोरं पास होतात. तिसऱ्या पायरीपर्यंत तीन आठवड्यांत पोचणारं पोर चांगलं. सामन्यात अंगावर दबाव असताना महिन्या-दीड महिन्यात आपणहून जंप स्टॉप करणारं पोर असेल, तर पॉइंट सहा असोत की सोळा, त्याच्यावर मेहनत घ्या.

इथे एक फसगत होते. सरावात जे सांगेल ते चोख करणारं आज्ञाधारक पोर आणि लवकर शिकणारं पोर वेगळं असू शकतं. पहिल्याला सूचना पाळता येते, दुसऱ्याला ती कुठे वापरायची हे कळतं. आठवण करून न देता बघणं म्हणूनच महत्त्वाचं. एका वेळी एकच गोष्ट. चार दुरुस्त्या एकदम सांगितल्या तर चारही कच्च्या राहतात आणि दोष पोराच्या माथी येतो.

उंच पोराला बोर्डखाली गाडू नका

जिल्ह्याच्या पातळीवर गुणी पोरं सगळ्यात जास्त वाया जातात ती इथे. तेराव्या वर्षी १७५ सेंटिमीटर असलेल्या पोराला बोर्डखाली उभं करतात. वरून पास टाका, त्याने वळून टाकायचा. शाळा जिंकते, सगळे खूश. त्याला ड्रिबल करू देत नाहीत, कारण बॉल जातो. लांबून मारू देत नाहीत, कारण हुकतो. चार वर्षांनी ते पोर १८० वर थांबलेलं असतं. १९ वर्षांखालच्या गटात, विभागीय सामन्यात पुण्याच्या संघाचा सेंटर, म्हणजे बोर्डखालचा खेळाडू, १९३ चा असतो. आपल्या पोराला बोर्डखाली जागा नाही, आणि बाहेर खेळायला बॉल हाताळता येत नाही. लोक म्हणतात, वाढला नाही म्हणून संपला. खरं तर त्याला गार्डचा खेळ कधी शिकवलाच नाही.

उपाय महाग नाही. सरावाचा अर्धा वेळ उंच पोराने गार्डसोबत काढायचा: दोन्ही हातांनी ड्रिबल, डोकं वर ठेवून. सोप्या सामन्यात एक पूर्ण क्वार्टर बॉल त्यानेच वर आणायचा, आठ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडायचं बंधन पाळून. सुरुवातीला टर्नओव्हर वाढतील, ते वाढू द्या. बोर्डखाली त्याला फक्त वळून टाकणं नको, डबल टीम आली, म्हणजे दोघं अंगावर आले, की बाहेर पास काढणंही शिकवा. उलट बाजूने, बुटक्या पोरालाही बॉक्स आउट आणि बोर्डखालचं पाऊल शिकवा. मायकेल जॉर्डन हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षी सुमारे १७८ सेंटिमीटरचा होता आणि त्याला शाळेच्या मुख्य संघाऐवजी ज्युनियर संघात ठेवलं होतं. उंची त्यानंतर आली, आणि आली तेव्हा गार्डचा खेळ आधीच हातात होता.

मैदान मोजल्याशिवाय आकडा मांडू नका

थ्री पॉइंटची रेघ पूर्वी ६.२५ मीटरवर होती, २०१० पासून ६.७५ झाली. जुनं मैदान जुन्याच खुणांवर पुन्हा रंगवलं की रेघ अर्धा मीटर आत राहते. तिथे शंभरात चाळीस टाकणारं पोर बाहेर गेलं की आखूड पडायला लागतं आणि ‘मोठ्या सामन्यात घाबरतो’ हा शिक्का बसतो. टेप घेऊन तपासा: रिंगच्या बरोबर खालच्या जमिनीवरच्या बिंदूपासून कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ६.७५. फ्री थ्रोची रेघ बोर्डच्या पुढच्या बाजूपासून ४.६०. रिंगची वरची कडा जमिनीपासून ३.०५. पोरं लटकून रिंग पुढे झुकलेली असली तरी उंची बदलते. जाळी नसेल तर निदान दोरीची बांधा, नाहीतर पडलेल्या शॉटवरही वाद होतो.

सिमेंटवर चामड्याचा बॉल टिकत नाही, रबरी वापरा, आणि दाणे झिजले की बदला. गुळगुळीत बॉलवर हातांची परीक्षा घेणं अन्याय आहे. सिमेंटवर नडगी आणि गुडघे लवकर बोलतात, म्हणून उड्यांचा सराव सलग दोन दिवस नको. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. सराव सकाळी साडेआठच्या आत संपवा, संध्याकाळी सिमेंट निवल्यावरच सुरू करा. दर पंधरा मिनिटांनी पाणी, सोबत लिंबू-मीठ-साखर. उन्हात घेतलेले आकडे वहीत वेगळे लिहा. आणि दहावीच्या वर्षी क्लासमुळे झोप सहा तासांवर आली असेल तर घसरलेला खेळ गुणवत्तेच्या खात्यात टाकू नका. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते.

मोठी नावं वादात कशी वापरायची

‘योकिचला पण कोणी विचारत नव्हतं.’ हे वाक्य कुठल्याही पोरासाठी वापरता येतं, म्हणून ते काहीच सिद्ध करत नाही. निकोला योकिच २०१४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) ४१ वा होता आणि पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला, हे खरं. पण त्याची पास देण्याची जाण आधीपासून होती, लोकांचा अंदाज चुकला तो त्याच्या शरीराबद्दल. स्टीफन करीचंही तसंच: अंगाने किरकोळ म्हणून मोठ्या कॉलेजांनी घेतलं नाही, पण शॉट होताच, आणि वडील एनबीएमध्ये खेळलेले. यानिस आंतेतोकुंपो २०१३ मध्ये १५ वा निवडला गेला, पहिल्या हंगामात सामन्याला ६.८ पॉइंट, आणि निवडीनंतरही उंची वाढली. तर विचारायचं असं: आपल्या पोरात आज एखादी गोष्ट तरी त्याच्या गटापेक्षा स्पष्ट वरची आहे का, आणि जे कमी आहे ते वाढण्यासारखं आहे का?

नुसत्या उंचीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी सतनाम सिंगचा प्रवास बघावा. पंजाबमधल्या छोट्या गावातून लुधियानाच्या अकादमीत, तिथून अमेरिकेत, आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ वा निवडला. एनबीएने निवडलेला तो पहिला भारतीय. सात फूट दोन इंच उंची आणि अफाट कष्ट असूनही एनबीएच्या मुख्य हंगामातला सामना त्याच्या वाट्याला आला नाही. जिथपर्यंत तो पोचला तेही आपल्याकडे कुणाला जमलेलं नव्हतं.

मत द्यायचं तर लिहून द्या

‘पुढे जाईल’ याचा अर्थ आधी ठरवा. जिल्हा संघ, विभाग, राज्य संघ, राष्ट्रीय स्पर्धा, की खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी? दोघं वेगवेगळ्या पायऱ्या मनात धरून भांडतात. पायरी, वर्ष आणि अट असं एका ओळीत लिहा: ‘डावा हात सामन्यात वापरायला लागला आणि उंची १८० च्या पुढे गेली, तर १७ वर्षांखालच्या राज्य स्पर्धेच्या विभागीय संघात.’ सहा महिन्यांनी तीच ओळ काढून तपासा. अट बदलली तर मत बदला, त्यात हरण्यासारखं काही नाही.

पुण्याला अकादमीत पाठवायचं का, हा प्रश्न घरच्यांकडून येतो. पोराला गटातल्या सामन्यांत आव्हानच उरलेलं नाही, सरांकडचं शिकवणं संपलंय असं सर स्वतः म्हणतात, आणि पोर स्वतः जायचं म्हणतंय, या तिन्ही गोष्टी असतील तरच विचार करा. आधी सुट्टीतल्या दोन-तीन आठवड्यांच्या शिबिराला पाठवा आणि तिथल्या कोचला एकच विचारा: सांगितलेली गोष्ट किती दिवसांत उचलली?

पोराच्या कानावर पडेल असं ‘नॅशनल खेळणार’ बोलू नका आणि ‘याचं काही होत नाही’ही बोलू नका. सामना चालू असताना कडेवरून ‘मार, मार’ ओरडणं बंद. पोर तुमच्याकडे बघतं आणि मोकळा सोबती सुटतो. सामन्यानंतर काही सांगायचंच असेल तर एक दिसलेली गोष्ट सांगा: तिसऱ्या क्वार्टरला डावीकडून गेलास, डाव्या हाताने टाकलास, हुकला, पण बरोबर होतं.

वही दोघांनी ठेवली तर उत्तम, म्हणजे वादातल्या दोन्ही तटांकडून एकेकाने. एकमेकांना न दाखवता नजर, पाय, कमजोर हात, डिफेन्स, चुकीनंतरचं वागणं आणि शिकण्याचा वेग यांना पाचपैकी गुण द्या आणि महिन्याअखेर पानं शेजारी ठेवा. जिथे एकाच गुणाचा फरक आहे ते सोडून द्या. जिथे दोन किंवा जास्त गुणांचा फरक पडलाय, पुढच्या सामन्यात दोघांनी शेजारी बसून फक्त तेवढीच गोष्ट बघायची.